फ्रंट-व्हील-ड्राइव्ह स्विफ्ट वळणात नाकाने बाहेर पळते. ऑटोक्रॉससाठी अलाइनमेंट कशी बसवू?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: जुनी १.३ पेट्रोल स्विफ्ट आहे, ऑटोक्रॉस (आखलेल्या वळणावळणाच्या मार्गावर घड्याळाशी लावलेली शर्यत) करायचंय, जमलं तर कधी कोइम्बतूर किंवा चेन्नईच्या ट्रॅकवरही न्यायची आहे. वळणात स्टिअरिंग कितीही पिळलं तरी नाक बाहेरच पळतं, आणि नागपुरातल्या अलाइनमेंटवाल्याने ‘भैया, इसमें कॅम्बर होता नहीं’ म्हणत नुसता टो बसवून प्रिंट हातात दिली. आता त्याला कोणते आकडे सांगायचे?

तो खरं तेच बोलला. कॅम्बर म्हणजे समोरून बघताना चाकाचा झुकाव, वरचं टोक आत असेल तर उणे. टो म्हणजे वरून बघताना चाकांची पुढची टोकं आत (टो-इन) की बाहेर (टो-आउट) वळलेली ते. या गाडीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बरचा एकत्र उभा खांब) आणि मागे टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारा आडवा बीम). कंपनीतून आली तशी गाडी असेल तर फिरवण्याजोगा फक्त पुढचा टो. आणि अलाइनमेंट मशीनच्या स्क्रीनवर जे हिरवं दिसतं ते चार माणसं, डिकीत सामान आणि टायर सारखे झिजावेत या हिशेबाचं. तुमच्या कामाला ते हिरवं बिनकामाचं आहे.

आकड्यांच्या आधी दोन गोष्टी. पहिली, स्पर्धेची नियमपुस्तिका वाचा. स्टॉक गटात कॅम्बर बोल्टसुद्धा चालत नाहीत असं निघालं तर सगळा खर्च वाया. दुसरी, लोअर आर्मचे (चाकाला खालून बॉडीशी जोडणारा दांडा) रबरी बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड आणि स्ट्रट माउंट आधी बघून घ्या. बुश फाटलेला असेल तर मशीनवर बसवलेला टो पहिल्याच ब्रेकला वेगळा होतो, मग भूमितीच्या गप्पा कशाला? आपल्याकडच्या खड्ड्यांतून आणि सिमेंट रोडच्या सांध्यांवरून वर्षानुवर्षं फिरलेल्या गाडीत बुश धड असणं हेच नवल.

आता कॅम्बर. स्ट्रटची मूळ अडचण अशी की गाडी कलली की बाहेरचं चाकही जवळजवळ तिच्यासोबतच कलतं. समजा वळणात बॉडी ३ अंश झुकली आणि सस्पेन्शनने त्यातला १ अंश भरून काढला. उरलेले २ अंश टायर बाहेरच्या खांद्यावर झोपणार. गाडी उभी असताना कॅम्बर शून्याच्या आसपास असेल, तर नेमकं ज्या क्षणी पकड हवी त्या क्षणी तुम्ही टायरच्या कडेवर चालताय. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर टायरच्या खांद्यावर पांढऱ्या बूटपॉलिशचे पट्टे ओढा आणि दोन-तीन फेऱ्या मारा. साइडवॉलवरच्या छोट्या त्रिकोणी खुणेपर्यंत पॉलिश घासलं गेलं तर ठीक. खुणेच्याही खाली गेलं असेल तर कॅम्बर कमी पडतोय किंवा हवा कमी आहे.

डांबरी ट्रॅकसाठी पुढे उणे २.५ ते उणे ३ अंशांपासून सुरुवात करा. मुरमावरच्या ऑटोक्रॉसला उणे १ ते उणे १.५ पुरे, कारण तिथे पकडच कमी, त्यामुळे बॉडी तेवढी कलत नाही. उलट ब्रेकला आणि निघताना टायर सपाट टेकलेला हवा. हा कॅम्बर मिळवायचा स्वस्त मार्ग म्हणजे स्ट्रट आणि नकल (चाकाचा हब धरणारा भाग) जोडणाऱ्या दोन बोल्टांपैकी वरच्या जागी उत्केंद्री (एक्सेंट्रिक) कॅम्बर बोल्ट टाकणं. त्यातून साधारण १ ते १.५ अंश निघतो. टायरचा वरचा भाग स्ट्रटला किती जवळ येतो ते हात घालून बघा. बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळा आणि डोक्यापासून नकलपर्यंत रंगाची एक रेघ ओढून ठेवा, म्हणजे जागा सोडली तर लगेच कळेल. स्ट्रटच्या वरच्या टोकाला बसणाऱ्या कॅम्बर प्लेटने जास्त मिळतो, थोडा कॅस्टरही (बाजूने बघताना स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकाव) वाढवता येतो आणि स्टिअरिंग वळवल्यावर बाहेरच्या चाकाला तो आणखी कॅम्बर देतो. पण रोज ऑफिसला तीच गाडी नेत असाल तर त्या खडखडाटाला कंटाळाल. नकलचं भोक कानशीने लांब करून देणारे लोक भेटतील. त्यांना लांबूनच नमस्कार.

गाडी खाली बसवण्याचा मोह आवरा. स्प्रिंग कापून गाडी तीन बोटं खाली आली की दिसायला झकास, पण लोअर आर्म बघा: बॉडीकडून चाकाकडे जाताना तो वर चढायला लागला असेल तर डाव उलटला. रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती बॉडी कलते तो) गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातो, म्हणजे गाडी खाली येऊनही कलण्याचा जोर वाढतो. सस्पेन्शन दबलं की कॅम्बर मिळायच्या ऐवजी जायला लागतो. शिवाय टाय रॉड आणि लोअर आर्मचे कोन जुळेनासे होतात, मग प्रत्येक खड्ड्यात टो आपोआप बदलतो आणि सरळ रस्त्यावरही गाडी डावी-उजवीकडे हुंगत चालते. आर्म जमिनीला समांतर किंवा चाकाकडे किंचित उतरता राहील एवढंच खाली या. मुरमासाठी तर मूळ उंचीच बरी. रुंद दिसावी म्हणून चाक आणि हबमध्ये स्पेसरही (जाड चकती) घालू नका. चाक बाहेर सरकलं की अ‍ॅक्सिलरेटर देताना स्टिअरिंग हातातून ओढलं जातं.

आता मागची बाजू, आणि माझ्या मते तुमच्या तक्रारीचं अर्धं उत्तर इथे आहे. तक्रार पुढून येते म्हणून सगळे पुढेच पाने लावत बसतात. वळणात आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर सरकतं. एकूण किती सरकणार हे वळणाचा जोर, गुरुत्वमध्याची उंची आणि दोन चाकांमधलं अंतर ठरवतात. स्प्रिंगा आणि स्टॅबिलायझर बार (गाडीचं कलणं रोखणारा, डावं-उजवं चाक जोडणारा दांडा) यांच्या हातात फक्त वाटणी: पुढच्या जोडीत किती, मागच्या जोडीत किती. टायरवर वजन दुप्पट केलं म्हणून पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमीच वाढते. म्हणून ज्या जोडीत ही सरकासरक जास्त, त्या जोडीची एकूण पकड घटते. तुमच्या गाडीत पुढची चाकं वळवणार, ओढणार आणि ब्रेकचा बहुतेक भारही घेणार, वर वजन ६० टक्क्यांच्या पुढे तिथेच. मागची चाकं पाहुण्यासारखी नुसती सोबत येतात. त्यांना कामाला लावा.

म्हणजे मागची बाजू रोलला (कलण्याला) कडक करा. थोड्या कडक स्प्रिंगा, किंवा बीमला जोडायचा जादा बार. याने पुढचं आतलं चाक जमिनीला टेकून राहतं, आणि साधा डिफरन्शियल (इंजिनाचा जोर दोन चाकांत वाटणारा गिअर) असलेल्या गाडीत तेच चाक आधी फिरून वाया जातं, त्यामुळे वळणातून बाहेर निघतानाही फरक कळतो. उलट पुढचा बार जाड केला तर गाडी कलायची कमी होईल, पण आतलं चाक जागेवर गरगर फिरत बसेल. कडक केल्यावर वळणात मागचं आतलं चाक हवेत उचललेलं फोटोत दिसेल. घाबरू नका, फ्रंट-व्हील-ड्राइव्ह रेस गाड्या तशाच धावतात. मात्र चाक उचललं की मागची सरकासरक संपली. त्यापुढे मागे कितीही कडक करा, पुढच्या टायरला काहीच मिळणार नाही. काहीही विकत न घेता आधी चाचणी करायची असेल तर मागच्या टायरमध्ये ३-४ पीएसआय जास्त भरून बघा.

याची दुसरी बाजू: वेगात अ‍ॅक्सिलरेटर अचानक सोडला की शेपूट फिरतं. दुसऱ्या गिअरच्या ऑटोक्रॉसमध्ये तेच हवं असतं. ट्रॅकच्या वेगवान वळणावर तेच गाडी उलटं तोंड करून उभी करतं. त्यामुळे मागच्या चाकांना टो-आउट देऊ नका. मागे कॅम्बर आणि टो बदलायला बीम आणि हब यांच्यामध्ये शिम (पातळ पत्र्याची पट्टी) घालावी लागते. आधी मोजा, दोन्ही चाकं सारखी आणि टो शून्य ते किंचित आत असेल तर ते तसंच राहू द्या.

पुढचा टो सगळ्यात शेवटी, कारण कॅम्बर हलवला की टो हलतोच. एकूण १ ते ३ मिमी टो-आउट. गाडी ओढताना पुढची चाकं बुशच्या लवचिकपणामुळे आत वळू बघतात, त्याची भरपाई होते आणि वळणात शिरताना नाक लवकर वळतं. ३ मिमीच्या पुढे गेलात तर ब्रेकला गाडी डावी-उजवीकडे हुंगायला लागते.

मोजायला मशीनच हवं असं नाही. अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये गवंड्याची पाण्याची नळी लावून चारही चाकांखालची पातळी बघा, कमी असेल तिथे फरशीचे तुकडे घाला. पुढच्या चाकांखाली दोन प्लॅस्टिकच्या पत्र्यांमध्ये ग्रीस लावून ठेवा, म्हणजे चाक मोकळं फिरतं. स्टँडवर मासेमारीची नायलॉन दोरी दोन्ही बाजूंना ताणा. पुढचा आणि मागचा ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) सारखा नसतो, म्हणून दोरी रिमला समांतर लावायची नाही; हब सेंटरपासूनचं अंतर डावी-उजवीकडे सारखं आलं पाहिजे. मग रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोरीपर्यंत स्टीलच्या पट्टीने मोजा. १५ इंची रिमवर १ मिमीचा फरक म्हणजे त्या चाकाला ०.१५ अंश. कॅम्बरला रिमवर उभी सपाट पट्टी आणि फोनमधला अँगल मीटर चालतो. त्याच रिमवर १ अंश म्हणजे साधारण ६.५ मिमी. तुम्ही ड्रायव्हर सीटवर बसा आणि वाचन दुसऱ्याला घ्यायला लावा, तुमच्या वजनाने आकडे बदलतात.

हवेचं मात्र नागपुरात वेगळंच प्रकरण. मेमध्ये पारा ४५ ला टेकतो. टायरमध्ये साधारण ६-७ अंशांमागे १ पीएसआय चढतो, त्यामुळे सकाळी सहाला भरलेली ३० दुपारच्या हीटला (शर्यतीच्या फेरीला) ३० राहत नाही. आकडा नेहमी गरम टायरचा लिहून ठेवा. फेरी संपवून आल्या आल्या टायरचं तापमान आत, मध्ये आणि बाहेर अशा तीन ठिकाणी टोचणाऱ्या प्रोबने घ्या. लांबून दाखवायची इन्फ्रारेड गन फक्त पृष्ठभाग सांगते, तो क्षणात थंड होतो. बाहेरची कड सगळ्यात गरम असेल तर कॅम्बर वाढवा. मधला पट्टा दोन्ही कडांपेक्षा गरम असेल तर हवा काढा. आतली कड किंचित गरम असणं बरोबर. आणि एका वेळी एकच बदल.

चाचणी रिंग रोडवर किंवा समृद्धीवर करू नका हे सांगायला लागू नये, पण नागपुरात सांगावं लागतं. मालकाच्या परवानगीने एखादं मोकळं आवार आणि थोडे ट्रॅफिक कोन मिळाले तरी पुरतं.

स्पर्धा झाली की टो परत कंपनीच्या आकड्यावर आणा. उणे २.५ कॅम्बर रोजच्या गाडीला चालून जातो, पण टो-आउटसकट महिनाभर फिरलात तर टायरची आतली कड तारांपर्यंत जाते. टाय रॉडच्या लॉकनटला रंगाची खूण करून किती फेरे फिरवले ते डायरीत लिहा, म्हणजे परत आणताना दोरी ताणायला नको. आणि पुढच्या वेळी प्रश्न टाकाल तेव्हा टायरचा साइज, गरम हवेचे आकडे आणि तिन्ही तापमानं द्या, मग नेमकं सांगता येईल.