संकलकाचा एमी कोण ठरवतं?

प्रश्न : ताई, २०२० मध्ये 'दिल्ली क्राइम' या मालिकेला एमी हा टेलिव्हिजनचा पुरस्कार मिळाला आणि २०२४ मध्ये 'शोगन' या मालिकेने एकाच सीझनसाठी १८ एमी पटकावले. हा एकच पुरस्कार आहे का? माझी मुलगी संकलन (एडिटिंग) शिकते आहे. संकलकांनाही एमी देतात म्हणे, मग मुख्य समारंभात ते दिसत का नाहीत?

उत्तर : पुरस्काराचं नाव एकच, देणाऱ्या संस्था मात्र तीन. 'शोगन'चे प्राइमटाइम एमी, म्हणजे संध्याकाळच्या मुख्य वेळेतल्या कार्यक्रमांचे एमी, लॉस एंजेलिसच्या टेलिव्हिजन अकॅडमीने दिले. बातम्या, माहितीपट आणि खेळांचे एमी न्यूयॉर्कची नॅशनल अकॅडमी देते. 'दिल्ली क्राइम'ला सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा पुरस्कार मिळाला तो तिसऱ्या, इंटरनॅशनल अकॅडमीकडून. ती मुख्यतः अमेरिकेबाहेरच्या कार्यक्रमांचा विचार करते. त्यामुळे या दोन मालिकांची तुलना करण्यात अर्थ नाही, स्पर्धाच वेगळी होती.

आता तुमच्या मुलीचा विषय. तो माझ्याही जिव्हाळ्याचा, कारण माझं सगळं आयुष्य एडिटिंग टेबलावर गेलं. प्राइमटाइम एमीत संकलकांना नामांकन देतात ते संकलकच, आणि तेही मालिकेच्या एका ठरावीक भागासाठी. मला या पद्धतीचं फार मोल वाटतं. चांगला कट, म्हणजे एक तुकडा संपवून दुसरा जोडण्याची जागा, प्रेक्षकाला जाणवत नाही. नटी उत्तर देण्याआधी क्षणभर थांबली की आपण म्हणतो, काय अभिनय आहे! तो क्षण पुष्कळदा संकलकाने राखलेला असतो, कधी त्याच प्रसंगाच्या दुसऱ्याच टेकमधून (चित्रणातून) उचललेला. काय ठेवलं ते सगळ्यांना दिसतं. काय टाकून दिलं असेल याचा अंदाज फक्त त्याच कामात मुरलेल्या माणसाला येतो.

विभागही विचारपूर्वक पाडले आहेत. मल्टी-कॅमेरा मालिकेत एकच क्षण एकाच वेळी चार बाजूंनी हाती येतो. सिंगल-कॅमेऱ्यात वेगवेगळ्या वेळी घेतलेले तुकडे जोडून तो क्षण सलग घडल्यासारखा उभा करावा लागतो. दोन्ही कामं कठीण, पण कसब निराळं. म्हणून संकलनात त्यांचे पुरस्कार वेगळे ठेवतात.

हे बहुतेक तांत्रिक पुरस्कार मुख्य समारंभाच्या आधी, क्रिएटिव्ह आर्ट्स एमी नावाच्या स्वतंत्र सोहळ्यात दिले जातात. 'शोगन'च्या १८ पैकी १४ तिथलेच. मुख्य रात्री चारच. शंभराहून अधिक पुरस्कार एका रात्रीत बसवता येत नाहीत हे मला कळतं. तरीही संकलनाचा निदान एक पुरस्कार त्या रात्री द्यायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे. विजेत्याला मिळणारी एमीची पुतळी घडवणारा लुई मॅकमॅनस स्वतः टेलिव्हिजन इंजिनिअर होता. तिचे पंख कलेचे आणि हातातला अणू विज्ञानाचा. १९४९ च्या पहिल्या समारंभातही तंत्रज्ञानासाठी पुरस्कार होता.

मुलीला एक सांगा. नामांकनांच्या यादीत संकलकाच्या नावाशेजारी त्या भागाचं नाव असतं. नुसते विजेते न पाहता एका विभागातले सगळे भाग पाहायचे. एकदा नेहमीसारखे, मग आवाज बंद करून, आणि प्रत्येक कटला थांबून स्वतःला विचारायचं : इथेच का? दोन फ्रेम आधी का नाही? मिळालेली उत्तरं वहीत लिहून ठेवू दे, आणि वाटलं तर मला पाठवू दे. मी नक्की वाचेन.