दावा, खटला, फिर्याद, तक्रार : कुठला शब्द कुठे?

कायद्याच्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे : 'बातम्यांत "बांधाच्या वादातून भावावर दिवाणी गुन्हा" असं वाचलं. दुसरीकडे "फिर्यादीने केस मागे घेतली" असं होतं. दावा, खटला, फिर्याद, तक्रार हे समानार्थी शब्द आहेत का?'

नाहीत. आणि 'दिवाणी गुन्हा' असं काही नसतंच. गुन्हा म्हटलं की प्रकरण फौजदारी झालं. भावाने बांध कोरला म्हणून जमिनीचा ताबा किंवा मनाई हुकूम हवा असेल, तर दिवाणी न्यायालयात दावा लावायचा. त्याच बांधावर कुणाचं डोकं फुटलं, तर पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला जातो. एका भांडणातून दोन्ही निघू शकतात, आणि गावाकडे बरेचदा निघतातही.

मोगल अमदानीत दिवाण महसूल बघायचा आणि फौजदार बंदोबस्त. पैशा-जमिनीचं ते दिवाणी आणि दंगाफसादाचं ते फौजदारी, ही वाटणी तिथून आलेली.

'दावा' अरबी. त्यात हक्क सांगणं आहे, कुणाला शिक्षा करा असं म्हणणं नाही. म्हणून दाव्यात आरोपी नसतो. वादी आणि प्रतिवादी असतात. वादी वादपत्र दाखल करतो, प्रतिवादी कैफियत देतो, निकालानंतर हुकूमनामा निघतो (वकिलांच्या बोलीत 'डिक्री'), आणि समोरचा तो पाळत नसेल तर दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, करावी लागते. हे सगळं दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ प्रमाणे. जुन्या निकालांवर 'रे.मु.नं.' दिसलं तर घाबरू नका, तो नुसता रेग्युलर मुकदमा नंबर.

खरा गुंता 'फिर्याद'चा. मूळ फारसी शब्दात गाऱ्हाणं आहे, न्यायासाठी मारलेली हाक आहे. पोलीस ठाण्यात जो माहिती देतो त्याला आपण सर्रास फिर्यादी म्हणतो. पण तिथे दिलेली असते ती खबर. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली ती नोंदवतात (१ जुलै २०२४ पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम १५४ होतं). नव्या संहितेच्या व्याख्येतली फिर्याद थेट दंडाधिकाऱ्यापुढे करायची असते, आणि पोलिसांचा अहवाल तिच्यात धरत नाहीत.

हा किस पाडण्याचं कारण आहे. खबरीवरून तपास होऊन दोषारोपपत्र गेलं की खटला चालतो 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध अमुक' असा. आपला फिर्यादी तिथे पक्षकार उरत नाही, साक्षीदार होतो. मग तो केस मागे कशी घेणार? कायद्याने ठरवून दिलेल्या गुन्ह्यांत आपसात तडजोड करता येते, त्यांतल्या काहींना कोर्टाची परवानगी लागते (कलम ३५९). सरकारी वकील न्यायालयाच्या संमतीने खटला मागे घेऊ शकतो (कलम ३६०). नाहीतर दोघांनी मिळून उच्च न्यायालयाला गुन्हा रद्द करायची विनंती करायची. बातमीतल्या 'मागे घेतली'मागे यातलं काय घडलं, ते बातमीदाराने लिहायला हवं होतं. दाव्यात मात्र वादी मालक असतो. त्याला नको झालं तर तो दावा सोडून देऊ शकतो.

खऱ्या अर्थाची फिर्याद बघायची असेल तर न वटलेला चेक घ्या. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाचं कलम १३८. कोर्टाच्या आवारात नुसतं 'वन थर्टीएट'. चेक परत आल्याचं बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर पैसे द्यायला १५ दिवस, आणि तरी दिले नाहीत तर महिन्याच्या आत दंडाधिकाऱ्याकडे फिर्याद. इथे पोलीस मध्ये नाहीत, फिर्यादी स्वतःच्या नावाने लढतो. शिक्षा २ वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याच चेकच्या रकमेसाठी दिवाणी न्यायालयात वसुलीचा दावाही लावता येतो. तिथे तोच माणूस वादी आणि समोरचा आरोपीऐवजी प्रतिवादी.

'खटला' बोलीत दोन्हीकडे चालतो. 'जमिनीचा खटला' म्हणणाऱ्याला मी टोकणार नाही, पण विद्यार्थ्याने लिहिताना तो फौजदारीसाठीच ठेवावा. 'खटला भरला' ऐकलं की आरोपीचा पिंजरा डोळ्यांपुढे येतो. (बायकापोरांचं मोठं 'खटलं' वेगळं, त्यात बहुतेक निर्दोष असतात.)

उरली 'तक्रार'. हा सैल शब्द आहे. सोसायटीच्या सेक्रेटरीकडे करतात तीही तक्रार आणि पोलिसांकडे देतात तीही. अदखलपात्र गुन्हा असेल तर पोलीस फक्त 'एन.सी.' (नॉन-कॉग्निझेबल, म्हणजे अदखलपात्र अशी नोंद) करून घेतात आणि दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास करत नाहीत. घरी येऊन माणूस सांगतो, 'तक्रार दिली.' ग्राहक आयोगात मात्र तक्रार हाच अधिकृत शब्द. तिथे वादीही नसतो आणि आरोपीही. असतो तक्रारदार, आणि त्याच्यासमोर कुठल्या निकालपत्रात 'सामनेवाला', कुठे 'जाबदेणार', तर विदर्भ-मराठवाड्याकडच्या निकालपत्रांत 'गैरअर्जदार' किंवा 'विरुद्ध पक्ष'. चारही बरोबर, फक्त एका उत्तरपत्रिकेत चारही वापरू नका.