अणुअंक कुणाचा?

प्रिय चिऊ,

काल रात्री तू विचारलंस, "बाबा, वर्गात आम्ही लिहिलं की अणुअंक म्हणजे इलेक्ट्रॉनची संख्या. तुझ्या मराठी पुस्तकात प्रोटॉनची लिहिलीय. मराठीत वेगळं असतं का?" मी अर्धवट झोपेत "हो हो" म्हणालो. ते विसर.

वेगळी असतात ती नावं. तुझा ॲटम म्हणजे आपला अणू. अणू एकत्र आले की रेणू. तुझी हिंदी बोलणारी मैत्रीण ॲटमला परमाणु म्हणते आणि आपल्या रेणूला अणु! यावरून तुमचं एकदा तरी वाजणार.

मोजणी मात्र सगळीकडे तीच. सोडियम घे. केंद्रकात, म्हणजे अणूच्या मधल्या गाभ्यात, धन प्रभाराचे ११ प्रोटॉन, म्हणून अणुअंक ११. बाहेर ऋण प्रभाराचे इलेक्ट्रॉनही ११, तेव्हाच धन-ऋण प्रभारांची फिटंफाट होते. इथपर्यंत तुझी वही बरोबर. पण सोडियम एक इलेक्ट्रॉन सहज देऊन टाकतो. उरले १०. निऑनकडेही १०च असतात. मग सोडियमचा निऑन झाला? छे! केंद्रकातले ११ जागचे हललेले नाहीत. झाला तो सोडियमचाच धन आयन, म्हणजे धन प्रभार शिल्लक राहिलेला अणू. इलेक्ट्रॉन येतात-जातात, त्यांच्यावरून नाव कसं ठरवणार?

केंद्रकातल्याच, पण प्रभार नसलेल्या न्यूट्रॉनवरूनही नाही. क्लोरिनच्या १७ प्रोटॉनांसोबत कुठे १८ न्यूट्रॉन असतात, कुठे २०. वस्तुमानांक, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनची बेरीज, ३५ आणि ३७, पण दोन्ही क्लोरिनच. यांना समस्थानिके म्हणतात.

गंमत म्हणजे आधी अणुअंक म्हणजे मूलद्रव्यांच्या तक्त्यातला नुसता रांगेतला नंबर होता. रांग वजनावरून लावलेली, आणि कोबाल्ट निकेलपेक्षा किंचित जड असूनही गुणधर्मांपायी त्याला आधी बसवावं लागे. १९१३मध्ये हेन्री मोझली या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाने एकेका मूलद्रव्यातून निघणारे क्ष-किरण मोजले. त्यांच्या वारंवारतेचं वर्गमूळ दर नंबरागणिक सारख्याच पायरीने चढत होतं. कोबाल्ट २७, निकेल २८, वजन काहीही असो. तो नंबर म्हणजे केंद्रकावरचा धन प्रभार होता. 'प्रोटॉन' हे नाव रूढ व्हायला अजून काही वर्षं होती. मोझली १९१५ साली, पहिल्या महायुद्धात, तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला. वय २७, कोबाल्टच्या अंकाइतकं.

वहीतलं वाक्य खोडू नकोस. त्याच्या आधी फक्त "विद्युतदृष्ट्या उदासीन अणूत" एवढं लिही.

तुझा,
बाबा