वाचकांचे प्रश्न : आरोग्य अर्थशास्त्राचा अभ्यास कोठून सुरू करावा?

प्रश्न : मी पुणे शहरालगतच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी असून सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर पदवी घेतलेली आहे. वार्षिक आराखड्याच्या बैठकीत लसींची वाढीव मागणी मांडली की ‘फायदा आकड्यांत दाखवा’ असे सांगितले जाते आणि तेथे मला गप्प बसावे लागते. आरोग्य अर्थशास्त्र शिकावेसे वाटते, परंतु बारावीनंतर गणिताचा संबंध सुटला आहे. नोकरी सोडून अर्थशास्त्रात एम.ए. करणे आवश्यक आहे का? शिवाय रुग्णाच्या जिवाची रुपयांत किंमत करणे मनाला पटत नाही.
— एक वैद्यकीय अधिकारी, हवेली तालुका

उत्तर : आपल्या शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण काय शिकायचे हे तिच्यावरच ठरते. आरोग्य अर्थशास्त्र जिवाची किंमत ठरवत नाही. एका कामावर खर्च केलेला रुपया दुसऱ्या कोणत्या कामाला मिळाला नाही, याची ते नोंद ठेवते. अर्थशास्त्रात याला संधी खर्च म्हणतात. ही नोंद कोणीही ठेवली नाही तरी निवड होतेच, फक्त ती कोणाच्या लक्षात येत नाही.

आपल्याच केंद्रातील श्वानदंशाचे रुग्ण घ्या. रेबीजची लस स्नायूत द्यायची तर पाच भेटी आणि दर भेटीला एक पूर्ण व्हायल लागते. त्वचेत द्यायची तर चार भेटी पुरतात आणि दर भेटीला दोन जागी मिळून ०.२ मिलिलिटर लस लागते, म्हणजे सगळी मिळून ०.८ मिलिलिटर. आपल्या देशात ही दुसरी पद्धत २००६ पासून मान्य आहे. कागदावर बचत प्रचंड दिसते. पण उघडलेली व्हायल काही तासांत वापरून संपवावी लागते. म्हणून ज्या बाह्यरुग्ण विभागात दिवसाला दहा-बारा श्वानदंश येतात तेथे लस खरोखर वाचते, आणि जेथे दिवसाकाठी एखादाच रुग्ण येतो तेथे चार व्हायल फुटतात आणि बचत अवघी एका व्हायलची होते. सरासरी खर्च (दर रुग्णामागे पडणारा) आणि वाढीव खर्च (आणखी एक रुग्ण आल्याने वाढणारा) यांतील फरक येथे लख्ख दिसतो. त्यात परिचारिकेला त्वचेतील टोचणीचे प्रशिक्षण देण्याचा खर्च धरावा लागेल, आणि हिशेब केवळ केंद्राच्या बाजूने न मांडता रुग्णाच्याही बाजूने मांडला तर बांधकामावरच्या मजुराचा बुडालेला एक दिवसाचा रोज आणि रिक्षाभाडेही त्यात येईल. आपले रुग्णनोंदवहीतील सहा महिन्यांचे आकडे घेऊन हा हिशेब एक्सेलमध्ये मांडून पाहावा. पुढच्या बैठकीला हे एक पान पुरेसे आहे.

गणिताची धास्ती बाळगू नये. अपूर्णांक, संभाव्यता आणि पुढे मिळणाऱ्या लाभाला आजचे मूल्य लावण्याची सवलतदराची रीत, एवढी तयारी असली की निर्णयवृक्षापर्यंत, म्हणजे प्रत्येक पर्यायाचे संभाव्य परिणाम फांद्यांसारखे मांडणाऱ्या आकृतीपर्यंत, जाता येते; रुग्ण काळानुसार एका अवस्थेतून दुसरीत कसे जातात हे मांडणाऱ्या मार्कोव्ह प्रारूपाला थोडा अधिक सराव लागतो. खरी अडचण गणिताची नसून बहुतेक डॉक्टरांनी सूक्ष्म अर्थशास्त्र, म्हणजे व्यक्ती आणि संस्था निवड कशी करतात याचे शास्त्र, कधीच वाचलेले नसते ही आहे. त्यासाठी बी.ए.च्या पाठ्यपुस्तकापासून आरंभ करण्यात कमीपणा नाही. त्यानंतर अर्थशास्त्रज्ञ केनेथ अ‍ॅरो यांचा १९६३ चा वैद्यकीय सेवेवरील लेख वाचावा. आजारपण केव्हा येईल हे ठाऊक नसणे, आणि उपचाराची गरज ठरवणारा व तो देणारा बहुधा एकच असणे, यांमुळे येथे भाजीबाजाराचे नियम का चालत नाहीत, हे त्यातून उलगडते.

एम.ए. करण्यासाठी नोकरी सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. संशोधनातच आयुष्य घालवायचे असेल तर गोष्ट वेगळी. पुण्यात १९३० पासून चालत आलेली गोखले इन्स्टिट्यूट ही अर्थशास्त्राची संस्था आपल्या आवाक्यात आहे. तेथील ग्रंथालयाच्या सभासदत्वाची चौकशी अवश्य करावी. दोन दिवसांच्या प्रमाणपत्र-कार्यशाळांविषयी मात्र सावध राहावे. हातात स्वतःचा प्रश्न आणि स्वतःचे आकडे असतील तरच त्यांतून काही पदरात पडते. केंद्र सरकारच्या आरोग्य संशोधन विभागाखाली २०१७ मध्ये आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापनाची, म्हणजे औषधे, लसी, उपकरणे यांचा लाभ खर्चाच्या तुलनेत तपासण्याची, जी व्यवस्था उभी राहिली, तिचे अहवाल वाचून त्यांतील प्रत्येक गृहीतक बदलून पाहणे हा कोणत्याही कार्यशाळेपेक्षा चांगला अभ्यास आहे.

प्रश्न : प्रबंधासाठी पुणे जिल्ह्यातील कुटुंबांचा उपचारखर्च हवा आहे. स्वतः सर्वेक्षण करावेच लागेल का?
— एक विद्यार्थिनी, सिंहगड रस्ता

उत्तर : प्रश्न जिल्ह्यापुरताच ठेवायचा असेल तर होय. राष्ट्रीय नमुना पाहणी या देशव्यापी सरकारी सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीची (जुलै २०१७ ते जून २०१८) कुटुंबनिहाय माहिती सांख्यिकी मंत्रालयाकडून मिळते, पण राज्यपातळीवर विश्वसनीय ठरणारा तिचा नमुना एका जिल्ह्यासाठी तोकडा पडतो. तरीही तिची प्रश्नावली समोर ठेवूनच आपली तयार करावी. रुग्णालयात दाखल झाल्याचा खर्च तेथे गेल्या ३६५ दिवसांचा विचारतात आणि दाखल न होता घेतलेल्या उपचाराचा गेल्या १५ दिवसांचा. या मुदती आपण बदलल्या तर आपल्या आकड्यांची राज्याच्या आकड्यांशी तुलना करता येणार नाही.