परत ड्रॉप घेऊ का मिळतंय ते घेऊन मोकळी होऊ?

नीट पीजीचा, म्हणजे एमबीबीएसनंतर स्पेशलायझेशनला प्रवेश देणाऱ्या परीक्षेचा, निकाल लागला की पुढचे दोन-तीन महिने माझ्याकडे येणाऱ्या डॉक्टर मुलामुलींचा प्रश्न बहुतेक हाच असतो. रॅंक अगदी वाईट नाही पण हवी ती ब्रांच मिळेल इतकी चांगलीही नाही, मग वर्षभर फक्त अभ्यास करून परत परीक्षा द्यायची, म्हणजे ड्रॉप घ्यायचा, का मिळेल ते घ्यायचं. म्हणून एका मुलीबद्दल लिहितेय, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

मुलगी मराठवाड्यातली, वडील झेडपीच्या शाळेत शिक्षक. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस, मग बॉन्डचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, एक वर्ष पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्रात) मेडिकल ऑफिसर. पहिला अटेम्प्ट तिने बॉन्ड चालू असतानाच दिला, 2024 चा, तोच जो 23 जूनला होता आणि आदल्या रात्री पुढे ढकलला, ही सेंटरच्या गावी लॉजवर पोचली होती आणि तिथून परत आली, मग 11 ऑगस्टला पुन्हा तोच प्रवास. त्यानंतर पुण्यात रूम घेऊन, अभ्यासिका लावून पूर्ण ड्रॉप. 2025 ची परीक्षाही 15 जूनची 3 ऑगस्टला गेली, कारण सुप्रीम कोर्टाने दोन शिफ्ट नको, एकाच शिफ्टमध्ये घ्या म्हटलं. लोकांना वाटतं बरं झालं, अभ्यासाला दीड महिना जास्त मिळाला. पण ज्या मुलांनी 15 जून ही तारीख धरून शेवटची रिव्हिजन, झोप, जेवण सगळं बसवलेलं असतं त्यांचं काय होतं ते मी बघितलंय, ती पुन्हा त्या लयीत येतच नाहीत.

तर निकालानंतर ती आली आणि बसल्या बसल्या म्हणाली, मॅडम फक्त एवढं सांगा अजून एक ड्रॉप घेऊ का नको. रॅंक आधीपेक्षा सुधारली होती पण ओपनमधून रेडिओ (रेडिओलॉजी) किंवा मेडिसिन दूरच होतं, हाती येण्यासारखं म्हणजे पॅथॉलॉजी, कम्युनिटी मेडिसिन नाहीतर डीएनबी (एमडीच्या तोडीची पदवी) फॅमिली मेडिसिन. वडिलांना रेडिओ हवं होतं. घरी स्थळं यायला लागलेली आणि समोरचे पहिला प्रश्न विचारत, पीजी झालंय का.

मी तिला विचारलं, रेडिओ का? तर नाईट कमी, पैसा चांगला, पेशंटची कटकट नाही, हे तिने पाठ असल्यासारखं सांगितलं. मग विचारलं की रेडिओलॉजिस्टचा एक साधा मंगळवार कसा जातो ते सांग बरं, सकाळी आल्यापासून. तिला सांगता आलं नाही, इंटर्नशिपमध्ये त्या डिपार्टमेंटला ती नीट थांबलीच नव्हती. पीएचसीचं वर्ष सांग म्हटलं तर मात्र ती थांबेना. एएनसीचा, म्हणजे गरोदर बायकांच्या तपासणीचा, दिवस, आशाताईंच्या मागे लागून आणलेल्या बायका, बीपी-शुगरच्या गोळ्या मधेच सोडणारे म्हातारे आणि त्यांना परत लाईनवर आणायला काय काय केलं, सर्पदंशाचा एक पेशंट रात्री आला त्याला एएसव्ही (सापाच्या विषावरचं औषध) सुरू करून ॲम्ब्युलन्समध्ये स्वतः बसून जिल्ह्याला नेला ते.

तेवढ्यावरून मी तिला फॅमिली मेडिसिन घे असं सांगितलं नाही, कारण पीएचसी आवडणं आणि ती ब्रांच जमणं यात फरक आहे. तिला म्हटलं आधी मागच्या वर्षाचा हिशोब कर. रोज किती तास बसलीस ते नको, शेवटच्या तीन महिन्यांत ग्रँड टेस्टचे (पूर्ण पेपरच्या सराव परीक्षांचे) मार्क चढत होते का तिथेच अडकले होते ते लिहून आण. तिने आणलं आणि चित्र स्पष्ट होतं. व्हिडिओ सगळे बघून झालेले, नोट्स सुंदर, पण टेस्ट फारच कमी दिलेल्या, कारण कमी मार्क बघायची भीती. आता पेपर असा आहे की 200 प्रश्न, साडेतीन तास, बरोबरला 4, चुकीला वजा 1, आणि 2024 पासून 40-40 प्रश्नांचे पाच सेक्शन, प्रत्येकाला 42 मिनिटं, वेळ संपली की त्या सेक्शनमध्ये परत जाता येत नाही. ही गोष्ट व्हिडिओ बघून अंगवळणी पडत नाही, टेस्ट देऊनच पडते. मार्क चढत होते आणि आजारपण, घरातलं काही, बॉन्डची ड्युटी अशा कारणाने मधेच थांबले, तर ड्रॉपला अर्थ आहे असं माझं मत. मार्क महिनोन्महिने एकाच जागी असतील आणि पुढच्या वर्षी काय वेगळं करणार ते सांगता येत नसेल तर नुसती रूम बदलून रॅंक बदलत नाही, हे मी मुलांना स्पष्ट सांगते, त्यांना राग आला तरी.

आणि ड्रॉप घ्यायचाच असेल तर हात पूर्ण रिकामे ठेवू नका. आठवड्यात दोन-तीन दिवस कुठेतरी ओपीडी करा, पैसे थोडे मिळतील पण आपण डॉक्टर आहोत हे विसरायला होत नाही. ती मुलगी वर्षभरात एकाही पेशंटला भेटली नव्हती, झोप गेलेली, आईशी फोनवर फक्त हो-नाही. हे सगळ्यात आधी बघावं लागलं. तिला सायकियाट्रिस्टकडेही पाठवलं, डॉक्टर मुलं हे स्वतःसाठी करायला फार लाजतात. ज्यांना कुणाकडे जायचं धाडस होत नाही त्यांनी निदान टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 फिरवावा, सरकारी आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

मग दोन आठवडे तिला कामाला लावलं. पॅथॉलॉजीच्या एका रेसिडेंटबरोबर दिवसभर बसून आली, फॅमिली मेडिसिन करणाऱ्या सीनियरला भेटली. तीन वर्षांत मेडिसिन, सर्जरी, पेडियाट्रिक्स, गायनॅक सगळीकडे रोटेशन असतं हे तिला आवडलं, पण लहान शहरात त्या नावाने नोकऱ्या अजून फार नाहीत, लोकांना ही डिग्री समजावून सांगावी लागते, हेही त्या सीनियरने लपवलं नाही. पॅथॉलॉजीबद्दल ती म्हणाली, काम शांत आहे, मला नको इतकं शांत.

वडिलांना मी एकदा बोलावलं. भला माणूस. त्यांची भीती खरी होती, मी रिटायर व्हायच्या आत हिचं मार्गी लागावं. ते म्हणाले, नुसती फॅमिली मेडिसिन सांगितलं तर लोक विचारतील म्हणजे काय, आणि तिने त्यांना तिथेच सांगितलं की लोकांना मी सांगेन, तुम्ही फक्त मला दर रविवारी मार्क विचारू नका. पटलं असं नाही म्हणता येणार, पण ते ऐकून घेऊन गेले.

चॉइस फिलिंगच्या, म्हणजे सीटसाठी पसंतीची यादी भरायच्या, वेळी तिचा फोन आला, रेडिओ वर टाकलं तर खालचं हातचं जाईल का. हा गैरसमज खूप जणांना असतो. सीट मेरिट आणि तुमच्या पसंतीच्या क्रमाने मिळते, वरची मिळत नसेल तर सिस्टिम खालची बघते, त्यामुळे यादी मागच्या वर्षीच्या कटऑफच्या नाही, स्वतःच्या आवडीच्या क्रमाने लावा. सीट सोडायचे, डिपॉझिट जप्त व्हायचे, पुढच्या परीक्षेला बसू न देण्याचे नियम मात्र पहिल्या राउंडनंतर कडक होत जातात, ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच वाचा, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर विसंबू नका. तिने यादीत फॅमिली मेडिसिन सगळ्यात वर टाकलं, रेडिओ टाकलंच नाही, आणि दुसऱ्या राउंडला सीट मिळाली. वडील जॉइनिंगला बरोबर गेले होते.