बॅटरी राहू द्या, आधी तारीख बघा

ताई, तुमचं पत्र तीन पानांचं आहे. कॅमेरा ऐन वेळी कसा बंद पडतो, सर्व्हिस सेंटरमधला मुलगा किती उर्मटपणे बोलला, तुम्ही किती ईमेल पाठवले, हे सगळं त्यात आहे. खरेदीची तारीख मात्र कुठेच नाही. "साधारण दोनेक वर्षांपूर्वी घेतला" एवढंच तुम्ही लिहिता. तुमचं अख्खं प्रकरण ज्या एका गोष्टीवर तरणार किंवा बुडणार आहे, ती मला बिलाच्या पुसट फोटोवरून आणि तीन जॉबशीटांवरून, म्हणजे वस्तू दुरुस्तीला घेताना सर्व्हिस सेंटर देतं त्या नोंदपत्रांवरून, जुळवावी लागली.

इतर वाचकांसाठी हकीकत थोडक्यात सांगते. डिजिटल कॅमेरा घेऊन सव्वीस महिने झाले. कॅमेऱ्याला एक वर्षाची वॉरंटी होती, बॅटरीला सहा महिन्यांची. चौथ्या महिन्यात कॅमेरा बंद पडू लागला. बॅटरी अर्धी भरलेली दिसायची, पण लेन्स पुढे सरकली किंवा फ्लॅश उडाला की पडदा काळा. पहिल्या जॉबशीटवर "तपासले, दोष आढळला नाही" असा शेरा आहे. सहाव्या महिन्यात दुसरी फेरी झाली, तेव्हा वॉरंटीत कंपनीची नवी बॅटरी बसवून दिली. दुखणं तसंच राहिलं. कंटाळून तुम्ही अकराव्या महिन्यात बाहेरची स्वस्त बॅटरी घेतली. तेराव्या महिन्यात तिसऱ्यांदा गेलात, तेव्हा उत्तर मिळालं: वॉरंटी संपली, बॅटरी ही झिजणारी वस्तू आहे आणि बाहेरची बॅटरी वापरल्यामुळे वॉरंटी तशीही बाद. त्यानंतरचे तेरा महिने तुम्ही ईमेल लिहीत बसलात. आता ग्राहक आयोगात, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या संस्थेत, दाद मागता येईल का, हा प्रश्न आहे.

कॅमेऱ्याच्या जागी फोन, लॅपटॉप किंवा कानात घालायचं यंत्र ठेवलं तर अशी पत्रं मला सतत येतात. म्हणून ग्राहक कोण, सदोष वस्तू म्हणजे काय, हे सगळं गाळते आणि थेट मुद्द्यावर येते.

ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९, कलम ६९. तक्रारीचं कारण ज्या दिवशी घडलं, त्या दिवसापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हायला हवी. ही मुदत उलटली आहे का, हे समोरच्याने हरकत घेतली नाही तरी आयोगाने स्वतःहून तपासलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच, तेव्हाच्या कायद्यातल्या अशाच कलमाबद्दल, बजावून ठेवलं आहे. म्हणजे "त्यांच्या लक्षात आलं नाही तर निभावेल" ही आशा सोडा.

आता दोन वर्षं मोजायची कुठून? कंपनीचे वकील खरेदीच्या तारखेपासून मोजतील. तसं मोजलं तर तुमची मुदत दोन महिन्यांपूर्वीच संपली. हा युक्तिवाद मला कच्चा वाटतो, कारण खरेदीच्या दिवशी कॅमेरा व्यवस्थित चालत होता आणि तक्रारीला कारणच नव्हतं. दुसरं टोक म्हणजे तिसऱ्या फेरीतला नकार. तिथून मोजलं तर तुमच्या हातात अजून अकरा महिने आहेत. दुरुस्ती करतो, बघतो, म्हणत एखाद्याने झुलवत ठेवलं आणि शेवटी हात वर केले, तर कारण त्या दिवशी पूर्ण झालं, असं म्हणता येतं. तसं मानणारे निकाल आहेत, पण तुमच्या आयोगासमोर तेच मानलं जाईल याची हमी मी देणार नाही. मधली तारीख पहिल्या जॉबशीटची. दोष त्या दिवशी पहिल्यांदा कागदावर आला. तिला आज बावीस महिने झाले आहेत.

माझा सल्ला एवढाच की हीच मधली तारीख धरा. तिथून मोजलं तरी तक्रार मुदतीत बसते, मग अकरा महिन्यांच्या भरवशावर वाद ओढवून घ्यायचा कशाला? तुमच्याकडे दोन महिने आहेत असं समजा आणि त्यातला दुसरा महिना वापरायची वेळ येऊ देऊ नका.

आता थोडं कठोर बोलते. या तेरा महिन्यांत तुम्ही एकोणीस ईमेल पाठवलेत. ते सगळे मी वाचले. त्यांतल्या एकानेही मुदत एका दिवसाने वाढलेली नाही. ईमेलने वाढत नाही, वकिलाच्या नोटिशीने वाढत नाही, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवूनही वाढत नाही. हेल्पलाइन उपयोगाची आहे, पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. पण ती आयोगाची जागा घेत नाही. "आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली आहे" असं उत्तर दर पंधरवड्याला येत राहतं, माणसाला वाटतं काहीतरी हलतंय, आणि दोन वर्षं निघून जातात. अशी निघून गेलेली प्रकरणं घेऊन लोक माझ्यासमोर बसतात तेव्हा फार वाईट वाटतं, कारण त्यांचा दोष खरा असतो, कागद खरे असतात आणि तरीही मला "उशीर झाला" म्हणावं लागतं.

उशीर माफ होतो, ही सोय त्याच कलमात आहे. पुरेसं कारण दाखवावं लागतं आणि आयोगाला ते लेखी नोंदवावं लागतं. आजारपणाचे कागद असतील तर ठीक. "मी ईमेलच्या उत्तराची वाट पाहत होते" हे कारण चालेल की नाही, ते कोण ऐकतंय यावर अवलंबून. तुम्हाला ती वेळ आलेली नाही, येऊ देऊ नका.

मुदत सांभाळली की उरतो बॅटरीचा मुद्दा. वॉरंटी कार्डावरचं ते वाक्य, बॅटरी झिजणारी वस्तू असल्याबद्दलचं, तुम्ही पत्रात दोनदा अधोरेखित केलं आहे आणि तुम्हाला ते फार भयंकर वाटतं. माझ्या मते ते तुमच्या वाटेत येतच नाही. तुमची तक्रार बॅटरीची नाहीच, कॅमेऱ्याची आहे.

याचा पुरावा कंपनीनेच तुमच्या हातात दिला आहे. दुसरी जॉबशीट पुन्हा वाचा: "नवीन बॅटरी बसवली." जुनी बॅटरी खराब होती म्हणून कॅमेरा बंद पडत असता, तर नव्या बॅटरीने तो चालायला हवा होता. लिथियम-आयन बॅटरी वापराने, उष्णतेने आणि काळाने क्षमता गमावते, हे खरं. थकलेल्या बॅटरीवर भार पडला की तिचा विजेचा दाब (व्होल्टेज) एकदम खाली येतो, म्हणून निशाणीवर अर्धी दिसत असतानाही कॅमेरा बंद होतो, हेही खरं. पण हे म्हाताऱ्या बॅटरीचं लक्षण. कोरी बॅटरी घातल्यावर पहिल्याच आठवड्यात तेच घडत असेल, तर शंका कॅमेऱ्याच्या आतल्या भागावर जाते: बॅटरीला टेकणारे धातूचे संपर्क, विजेचा पुरवठा सांभाळणारं सर्किट, किंवा बंद असतानाही वीज खात राहणारा एखादा भाग. नेमकं कोणतं, हे मी सांगू शकत नाही आणि तुम्हीही तक्रारीत ठामपणे लिहू नका. "कंपनीने दिलेल्या दोन्ही बॅटऱ्यांवर कॅमेरा सारखाच बंद पडला" एवढंच लिहा. ते तुम्ही स्वतः पाहिलेलं आहे आणि उलटतपासणीत टिकेल.

वॉरंटी संपल्याचं उत्तरही याच कागदापुढे टिकू नये. दोष वॉरंटीत उगवला, वॉरंटीतच दोनदा दाखवला, वॉरंटीत केलेली दुरुस्ती फसली. तिसरी फेरी एक महिना उशिरा झाली म्हणून दोष नवा होत नाही.

बाहेरच्या बॅटरीबद्दल मात्र मला तुमच्यावर रागवावंसं वाटतं. वॉरंटी चालू असताना, वाद चालू असताना, ती कार्डावरची अट न वाचता घेतलीत, आणि वर तिसऱ्या फेरीत तीच बॅटरी आत ठेवून कॅमेरा काउंटरवर दिलात. समोरच्याच्या हाती कोलीत दिलंत. आता ती लपवू नका. तक्रारीत स्वतःहून लिहा की पहिला बिघाड चौथ्या महिन्यातला, दुसरा सहाव्यातला आणि ही बॅटरी अकराव्या महिन्यातली आहे. तिचं बिल जोडा. अकराव्या महिन्यात घेतलेल्या वस्तूने चौथ्या महिन्यातला बिघाड होऊ शकत नाही, आणि हा तारखांचा क्रम तुमच्या कोणत्याही युक्तिवादापेक्षा भक्कम आहे. लपवलीत आणि त्यांनी ती बाहेर काढली, तर तुमच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

वॉरंटीची अट अन्यायकारक आहे म्हणून तीच रद्द करून मागा, असा सल्ला तुम्हाला कोणीतरी दिला आहे. तो ऐकू नका. अन्याय्य कराराविरुद्धची तक्रार या कायद्यात राज्य आयोगाकडे जाते, जिल्हा आयोगाकडे नाही. साध्या प्रकरणाला विनाकारण वरची पायरी चढवाल आणि हातातले आठवडे त्या वादात जातील. सदोष वस्तू आणि सदोष सेवा, एवढ्यावरच राहा.

दोष सिद्ध करण्यासाठी वस्तूची तपासणी लागेल असं वाटलं, तर आयोग ती प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. कलम ३८ मध्ये तशी तरतूद आहे आणि अहवालासाठी ४५ दिवस दिले आहेत. तो अर्ज तुम्ही तक्रारीसोबतच करा. एखाद्या स्वतंत्र तंत्रज्ञाने लेखी मत दिलं तर उत्तम, पण त्याला कॅमेरा उघडू देऊ नका. एकदा स्क्रू फिरला की "बाहेर उघडला" हे उत्तर तयार असतं. कंपनीची बॅटरी पूर्ण भरून, कॅमेरा लावून, तो बंद पडेपर्यंतचं सलग चित्रीकरण फोनवर करून ठेवा. सुरुवातीला बॅटरीवरचा क्रमांक दिसू द्या, मध्ये कापू नका. आणि यापुढे कोणी "एकदा आणून द्या, बघतो" म्हणालं तरी जॉबशीटशिवाय कॅमेरा हातातून सोडू नका. खरं म्हणजे तक्रार दाखल होईपर्यंत सोडूच नका.

तुम्ही ओझरतं लिहिलं आहे की चार-पाच समारंभांचे फोटो पैसे घेऊन काढलेत. हे वाक्य मला अस्वस्थ करतं. व्यापारी हेतूने वस्तू घेणारा या कायद्याने ग्राहक ठरत नाही. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतली असेल तर सूट आहे, पण तुमची नोकरी आहे, तेव्हा ती सूट तुम्हाला कितपत लागू पडेल याची मला शंका आहे. खरेदीमागचा मुख्य हेतू पाहायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटलं आहे, आणि तुमचा मुख्य हेतू पक्षी टिपण्याचा छंद होता असं दिसतं. मला वाटतं तुम्ही यातून निभावाल. पण बुडालेल्या समारंभाच्या मानधनाची भरपाई मागू नका. ती मागितलीत की व्यापारी हेतूचा मुद्दा तुम्हीच उभा केलात.

विक्रेता आणि उत्पादक कंपनी दोघांनाही पक्षकार करा; सर्व्हिस सेंटर वेगळ्या मालकीचं असेल तर तेही. कोणावर किती जबाबदारी, ते आयोग ठरवेल. मागणी किमतीच्या परताव्याची करा, व्याजासह, आणि पर्याय म्हणून नव्या कॅमेऱ्याची. पुन्हा दुरुस्ती मागू नका. वापराच्या काळापोटी काही रक्कम कापली जाऊ शकते, मनस्तापाची भरपाई किती मिळेल हे सांगता येत नाही. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या आयोगात, ऑनलाइनही, ती दाखल करता येते.

किती दिवस लागतील, हा तुमचा शेवटचा प्रश्न. कायदा सांगतो, समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिने, वस्तूची तपासणी लागली तर पाच. हे आकडे मी पक्षकारांना सांगणं सोडून दिलं आहे. आयोगांवर नेमणुका वेळेवर होत नाहीत, तारखा पडत राहतात, आणि एका कॅमेऱ्यासाठी माणूस वर्षानुवर्षं रजा टाकून फेऱ्या मारतो. हे मला पटत नाही आणि कधी पटणार नाही. समोरच्याला मात्र म्हणणं मांडायला ३० दिवस आणि फार तर आणखी १५, त्याच्या पुढे एकही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये पक्कं केलं आहे. त्यांनी ती मुदत चुकवली तर त्याच दिवशी नोंद करून घ्यायला सांगा.

या आठवड्यात एवढं करा. बिलाची स्वच्छ प्रत विक्रेत्याकडून मागून घ्या, तुमच्याकडच्या फोटोत तारखेतला महिना वाचता येत नाही. तिन्ही जॉबशीटच्या मूळ प्रती शोधा. दुसरीची तुम्ही फक्त वरची बाजू पाठवली आहे, आणि मागच्या बाजूला बॅटरीचा क्रमांक लिहिलेला असण्याची शक्यता आहे. तो सापडला तर मला लगेच कळवा.