रडणे, किरकिर आणि तक्रार: इंग्रजीत कोणता शब्द कुठे?

प्रश्न: मी मराठी कथांचा इंग्रजी अनुवाद करते. मुसमुसणे, हमसून रडणे, हंबरडा, भोकाड या सगळ्यांसाठी माझ्याकडून ‘क्राय’च लिहिले जाते. नेमके पर्याय सांगाल का?

‘क्राय’ चुकीचा नाही, पण कथेत तो एका ठिकाणी दगा देतो. संवादानंतर ‘ही क्राइड’ आले, तर इंग्रजी वाचक ‘तो ओरडला’ असा अर्थ घेतो. संवादाला लागून रडणे दाखवायचे असेल, तर दुसरे क्रियापद घ्या.

शब्द निवडताना आवाज कुठून येतो ते पाहा. श्वास अडकून हुंदके येत असतील, तर ‘सॉब’. हमसून हमसून रडणे म्हणजे हेच. नुसतेच डोळ्यांतून पाणी वाहत असेल, तर ‘वीप’. याचे भूतकाळी रूप ‘वेप्ट’. हा शब्द जरा ग्रंथाळ आहे, गुडघा खरचटलेल्या पोराला तो शोभत नाही. मुसमुसण्यात नाक ओढणे येते, तिथे ‘स्निफल’ बसतो. त्याच्याच शेजारचा ‘स्निव्हल’ मात्र जपून वापरा. त्यात रडणाऱ्याबद्दलची तुच्छता असते. भीतीने किंवा दुखण्याने बारीक, तुटक आवाज निघतो तो ‘व्हिम्पर’. मार खाल्लेले कुत्र्याचे पिल्लूही व्हिम्परच करते.

हंबरड्याला ‘वेल’ घ्या, लांब आणि चढ्या आवाजातला शोक. भोकाड पसरणे म्हणजे ‘बॉल’. त्याचा उच्चार चेंडूच्या ‘बॉल’सारखाच, स्पेलिंग मात्र बी-ए-डब्ल्यू-एल. इथे अनुवाद हमखास घसरतो. ‘बॉल’मध्ये पोरकटपणा किंवा बेतालपणाची छटा आहे. मुलाच्या प्रेतापाशी बसलेल्या आईला ‘बॉल’ करायला लावलेत, तर त्या प्रसंगाची अब्रूच जाते. मेलेल्याचे गुण आळवत, सूर लावून रडण्यासाठी आयरिश भाषेतून आलेला ‘कीनिंग’ हा शब्द आहे. आयर्लंडमध्ये अशा विलापासाठी बायका बोलावण्याची प्रथाच होती. आपल्या खेड्यांतल्या विलापाला तो जवळचा आहे, पण वाचकाला आयर्लंड आठवेल हे धरून चाला.

रडू कोसळले हे दोन तऱ्हांनी लिहितात: ‘बर्स्ट इन्टू टिअर्स’ किंवा ‘बर्स्ट आउट क्राइंग’. यांची सरमिसळ करून ‘बर्स्ट इन्टू क्राइंग’ लिहू नका. डोळे भरून आले यासाठी ‘हर आइज वेल्ड अप’. यातला ‘वेल’ विहिरीचा, आखूड उच्चाराचा. हंबरड्याचा तो नव्हे.

प्रश्न: मी शिकायला इंग्लंडला आलो आहे. इथे लोक एकमेकांना ‘स्टॉप मोनिंग’ म्हणतात. ‘मोन’ म्हणजे कण्हणे ना?

कण्हणे हा अर्थ आहेच. पण ब्रिटिश बोलण्यात ‘मोन’ म्हणजे रोजची कुरकुरही: हवा, गाड्यांचा उशीर, साहेब. ‘हॅव अ मोन’ हा तसा सौम्य प्रकार, दोघे मिळूनही करतात. अमेरिकनांच्या कानाला मात्र ‘मोन’ने आधी कण्हण्याचाच आवाज ऐकू येतो.

‘व्हाइन’ म्हणजे नाकातून, सूर लांबवत केलेली किरकिर. चॉकलेटसाठी दुकानात अडून बसलेले मूल व्हाइन करते. ‘व्हिंज’ हा ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातला, अर्थाने जवळपास तोच. ‘आयएनजी’ लावताना ‘व्हाइन’मधला शेवटचा ‘ई’ गळतो, ‘व्हिंज’मधला सहसा राहतो. अमेरिकेत यिडिश या ज्यूंच्या भाषेतून आलेला ‘क्वेच’ भेटेल, त्याचे मूळ दाबणे-पिळणे या अर्थाचे. ‘ग्रम्बल’ खालच्या आवाजातले, ओठांतल्या ओठांत पुटपुटणे. तुम्ही विचारलेत ‘कसे आहात?’ आणि उत्तर आले ‘मस्न्ट ग्रम्बल’, तर माणूस ‘बरं चाललंय’ एवढेच सांगतोय.

‘नॅग’ यांच्यात मोडत नाही. दुसऱ्याने काही करावे म्हणून त्याच्यामागे लावलेली कटकट म्हणजे नॅग.

सर्वांत महत्त्वाचे: ‘कम्प्लेन’मध्ये तक्रार खरी की खोटी हा निवाडा नसतो, ‘व्हाइन’ आणि ‘व्हिंज’मध्ये तो झालेला असतो. म्हणून सहकाऱ्याने रास्त अडचण मांडली असेल, तर ईमेलमध्ये त्याबद्दल ‘ही इज व्हाइनिंग’ लिहू नका. तो अपमान आहे.

प्रश्न: ‘गिव्ह अ कम्प्लेंट अगेन्स्ट’ बरोबर का? कंपनीला तक्रारीचे पत्र लिहायचे आहे.

‘गिव्ह’ नको. कम्प्लेंट ‘मेक’ करतात, कार्यालयात किंवा आयोगाकडे ‘लॉज’ अथवा ‘फाइल’ करतात. ज्याच्याकडे तक्रार करायची त्याच्याआधी ‘टू’, ज्या गोष्टीची करायची तिच्याआधी ‘अबाउट’. ‘अगेन्स्ट’ नामाबरोबर, कायदेशीर तक्रारीत चालतो. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही तक्रारदाराला ‘कम्प्लेनंट’ म्हटले आहे. ‘कम्प्लेन ऑफ’ प्रामुख्याने दुखण्यासाठी: डॉक्टर ‘कम्प्लेन्ड ऑफ चेस्ट पेन’ लिहितात, त्यात कोणावर आरोप नसतो.

पत्राची सुरुवात ‘आय अ‍ॅम रायटिंग टू कम्प्लेन अबाउट’ अशी करा आणि त्याच वाक्यात वस्तू, खरेदीची तारीख व बिल क्रमांक द्या. पुढच्या वाक्यात बिघाड सांगा: काय, केव्हापासून. मग मागणी एकच आणि स्पष्ट ठेवा: ‘रिफंड’, ‘रिप्लेसमेंट’ किंवा ‘रिपेअर’, सोबत ‘विदिन 15 डेज’सारखी मुदत. ‘डू द नीडफुल’ टाळा. भारताबाहेरच्या वाचकाला ते खटकते, आणि इथल्या माणसालाही नेमके काय करायचे ते त्यातून कळत नाही. संताप दाखवणारी विशेषणे काढून टाका, नाहीतर उत्तर देणारा विशेषणांनाच उत्तर देतो आणि बिघाड बाजूला राहतो.

प्रश्न: ‘टिअर’ की ‘टेअर’?

स्पेलिंग एक, शब्द दोन. अश्रू म्हणजे ‘टिअर’, ‘फिअर’शी जुळणारा. फाडणे म्हणजे ‘टेअर’, ‘बेअर’शी जुळणारा, भूतकाळ ‘टोअर’. रडत असणे म्हणजे ‘इन टिअर्स’, अनेकवचनीच. ‘टिअर गॅस’मध्ये मात्र एकवचन.